सीएची सनद मुळशीच्या घराघरांत



१ जुलै १९४९ रोजी इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. म्हणून १ जुलै हा सीए दिन. दुबईतल्या आपल्या मुळशीकर मंडळातील सर्व सीए सभासदांचे मनापासून अभिनंदन! त्यांना एक विनंतीही आहे.

आपण राहतो त्या दुबईतच या पदवीचे मोल किती वाढले ते पाहा. इथे २०१८च्या जानेवारीत ५ टक्के व्हॅट आला. जून २०२३पासून ३,७५,००० दिरहमवरच्या नफ्याला ९ टक्के कंपनी कर लागू झाला. नोंदणी, विवरणपत्रे आणि चोख हिशेब आता लहान व्यापाऱ्यालाही चुकत नाहीत. ही कामे जाणणाऱ्या माणसाला इथे मागणी आहे आणि भारतातून आलेले सीए ती पेलत आहेत.

आता आपल्या मुळशी तालुक्याकडे वळू. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांसोबत तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तरी जमिनी पाण्याखाली गेल्याच. पुढे हिंजवडी-माणमध्ये आयटी पार्क उभे राहिले, पिरंगुटला कारखाने आले, दासव्याच्या डोंगरात लवासा नगरी उभी राहिली. २०१८ साली लवासा उभारणाऱ्या कंपनीचे प्रकरण कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरीसाठी दाखल झाले. २०१६च्या दिवाळखोरी संहितेनुसार अशी बुडीत कंपनी हाती घेऊन धनकोंचे दावे तपासणारा व्यावसायिक लागतो. दहा वर्षांचा अनुभव असलेला सीए परीक्षा देऊन ते काम करू शकतो. हिंजवडीतल्या कंपन्यांना वित्त आणि करविभागात सीए लागतात, पिरंगुटच्या उद्योजकाला जीएसटी आणि बँकेच्या कर्जासाठी लागतो. जमिनीचा मोबदला हाती आलेल्या शेतकऱ्याला भांडवली नफ्यावरचा कर समजावून सांगणाराही तोच. ऑडिट हे या पदवीचे केवळ एक दार आहे. मुळशीच्या जमिनीवर एवढे व्यवहार होत असताना त्यांचे कागद वाचणारी माणसेही मुळशीची असावीत, असे आम्हाला मनापासून वाटते.

या शिक्षणाला देणगी द्यावी लागत नाही आणि मोजक्या जागांसाठी झुंबडही नसते. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट, आर्टिकलशिप आणि फायनल. वाणिज्य पदवीला ५५ टक्के असतील तर थेट इंटरमिजिएटला बसता येते. २०२३च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे.

मात्र वाट अवघड आहे. प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के मिळवावे लागतात. हुशार मुलांनाही दोन-तीन अटेम्प्ट लागतात. धरणापलीकडच्या वाडीतल्या मुलीला पुण्यात कॉट बेसिसवर राहून, तुटपुंज्या स्टायपेंडमध्ये दिवसभर ऑफिस आणि रात्री अभ्यासिका असे दिवस काढावे लागतात. त्यात घरात आधी कोणी सीए नसेल, तर आर्टिकलशिपसाठी कोणत्या फर्मचे दार ठोठावावे हेही सांगायला कोणी नसते. अशी मुले बुद्धीअभावी मागे पडत नाहीत. माहिती आणि ओळख नसल्यामुळे त्यांची वाट अडते.

ती उणीव आपण भरून काढू शकतो. मंडळातील प्रत्येक सीए सभासदाने मुळशीतल्या एका विद्यार्थ्याची जबाबदारी घ्यावी. आठवड्यातून तासभर ऑनलाइन शंकानिरसन करावे, पुण्यातल्या ओळखीच्या फर्ममध्ये आर्टिकलशिपसाठी शब्द टाकावा आणि निकाल मनासारखा लागला नाही तर त्या संध्याकाळी आवर्जून फोन करावा. जे सीए नाहीत त्यांनी एखाद्या मुलाचे पुण्यातले भाडे आणि पुस्तकांचा खर्च उचलावा. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातील लेखापाल संस्थांशी इन्स्टिट्यूटचे करार आहेत. म्हणजे आज मुळशीतल्या पौडच्या अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला उद्या लंडन-सिडनीतही या पदवीच्या बळावर पुढे जाता येईल.

आपले नाव आणि देऊ शकाल तो वेळ गणेशोत्सवापूर्वी संपादक मंडळाला कळवा. या वर्षी बारावी झालेल्या मुलांपर्यंत आपण वेळेत पोहोचलो, तर पुढच्या फाउंडेशनलाच त्यांना बसवता येईल.

— संपादक मंडळ