लाळेच्या चाचणीतून तोंडाचा कॅन्सर लवकर कळतो का?

अंजूर फाट्यावर दिवसरात्र ट्रकांची ये-जा असते. आजूबाजूला गोदामं, पलीकडे भिवंडीचे यंत्रमाग. पाळी लांबली की झोप उडवायला तंबाखू मळली जाते. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण पानमसाला आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या घेतल्या आणि एकत्र केल्या की झालं! 2016-17 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ धूर न होणारी तंबाखू वापरत होते. 2022 मध्ये देशात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे 1 लाख 43 हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे.

अशा ठिकाणी ‘थुंकीवरून कॅन्सर ओळखा’ ही पोस्ट फिरणारच. सुई नाही, चिरफाड नाही आणि दवाखान्याच्या रांगेत मजुरीही बुडत नाही. पण त्यात तथ्य किती?

तथ्य आहे. एलडीएच हे विकर, म्हणजे एन्झाइम, पेशींच्या आत साखरेपासून ऊर्जा मिळवण्याच्या कामात असतं. कॅन्सरच्या पेशी ते भरपूर वापरतात आणि पेशी मेल्या की ते लाळेत उतरतं. दुसरं एमएमपी-9. ते पेशींच्या थराखालचं अस्तर कापतं, त्यातून गाठीला आत पसरायला वाट मिळते. तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या लाळेत ही दोन्ही वाढलेली अनेक छोट्या अभ्यासांत दिसली आहेत.

अडचण हिरड्यांची आहे. हिरड्या सुजल्या, त्यातून रक्त आलं, तरी हीच विकरं वाढतात. आणि तंबाखू खाणाऱ्यांच्या हिरड्या बहुतेकदा खराबच असतात. म्हणजे ज्याला चाचणीची सर्वात जास्त गरज, त्याच्याच बाबतीत ती गोंधळणार.

आकड्यांत पाहू. समजा 1,000 लोकांत 5 जणांना कॅन्सर आहे आणि चाचणी 90 टक्के वेळा बरोबर येते. त्या 5 मधले चार-पाच सापडतील, पण निरोगी असलेल्या जवळपास 100 जणांनाही ‘कॅन्सर असू शकतो’ असं सांगितलं जाईल. मला त्याहून जास्त भीती उलट्या चुकीची वाटते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पुडी चालू राहिली आणि गालातला चट्टा तसाच वाढत गेला तर? म्हणून लाळेचा रिपोर्ट काहीही येवो, निदान बायोप्सीनेच पक्कं होतं.

मग तोवर काय? केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं नुसती उजेडात नीट तपासली. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. आपल्याकडेही तिशीनंतर दर 5 वर्षांनी अशी तपासणी करणं सरकारी कार्यक्रमात आहे. आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा.

घरी आरशासमोर मोबाइलचा टॉर्च लावा. गाल आतून, जीभ उचलून खाली, ओठ मागे ओढून हिरड्या पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, 15 दिवसांत न भरलेली जखम, तिखट खाताना होणारी जळजळ, किंवा आपली तीन बोटं उभी धरून तोंडात न जाणं, यातलं काहीही आढळलं तर त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांना दाखवा.