उशिरा येणारे मूल आणि शाळेचे घड्याळ

ओपीडीत एक केसपेपर वारंवार समोर येतो. वय चौदा-पंधरा. तक्रार डोकेदुखी, चक्कर, अभ्यासात लक्ष नाही. सोबतची आई म्हणते, "डॉक्टर, एखादे टॉनिक द्या, नाहीतर डोक्याचा फोटो काढून बघा." पूर्वी मी डोळे, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून मोकळा होत असे. आता आधी विचारतो, "रात्री किती वाजता झोपतोस?" उत्तर बहुधा 'साडेअकरा-बारा' असे येते. "आणि उठतोस?" "साडेपाचला. सातची शाळा आहे." म्हणजे जेमतेम सहा तास. तेरा ते अठरा या वयात रोज आठ ते दहा तासांची झोप लागते. या मुलाची दर रात्री किमान दोन तासांची उधारी होते आणि शनिवारपर्यंत ती दहा-बारा तासांवर जाते.

'लवकर झोप म्हणजे लवकर जाग येईल' असे आपण सांगतो. मीही माझ्या मुलाला वर्षानुवर्षे हेच ऐकवले. पण हे अर्धेच खरे आहे. वयात येताना शरीराचे घड्याळ पुढे सरकते. झोपेची वेळ झाल्याचे सांगणारे मेलाटोनिन हे संप्रेरक लहान मुलांच्या मानाने उशिरा, कधी कधी दोन तासांनी उशिरा स्रवू लागते. दिवसभर जागे राहिल्याने येणारा झोपेचा ताणही या वयात सावकाश वाढतो. त्यामुळे नऊ वाजता दिवा मालवला तरी पंधरा वर्षांचा मुलगा छताकडे बघत पडून राहतो, आणि पहाटे साडेपाचला त्याच्या मेंदूच्या हिशेबी मध्यरात्र संपलेली नसते. मोबाइल या समस्येत भर घालतो, हे नक्की. मात्र मोबाइल नव्हता तेव्हाही हे घड्याळ असेच चालत होते.

त्यात वसई-विरारचा भूगोल. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर ठरते. तो मिर्झापूरजवळून जातो. वसई त्याच्या जवळपास दहा अंश पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटे मागे. १९५५ पर्यंत मुंबईत वेगळा 'मुंबई टाइम' पाळला जाई, त्यातला फरकही हाच होता. म्हणून सातची शाळा आपल्याकडे सूर्याच्या हिशेबाने सहा वाजून वीस मिनिटांची असते. जानेवारीत वसईत सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास. मुले अंधारातच रिक्षात बसतात. संध्याकाळी उलटे घडते. जूनमध्ये कोलकात्यात साडेसहाच्या आत सूर्य मावळतो, आपल्याकडे सव्वासातनंतर. भारतीय मुलांच्या आकडेवारीवर अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी केलेल्या अभ्यासात सूर्यास्त तासभर लांबला की मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते, असे दिसले. शाळेची घंटा मात्र सूर्याला विचारून वाजत नाही.

घरची घडीही त्याला साथ देत नाही. नालासोपारा-विरारमधील हजारो घरांत आई किंवा वडील चर्चगेटच्या बाजूला कामाला जातात. विरार लोकलमधून उतरून घरी पोहोचेपर्यंत नऊ वाजतात. मुलाचा क्लासही साडेआठ-नऊला सुटतो. जेवण दहाला, गृहपाठ त्यानंतर. सकाळच्या सत्रातून एक वाजता परतलेले मूल जेवून दोन-तीन तास गाढ झोपते, आणि त्यामुळे रात्री झोप आणखी पुढे जाते. या चक्रात आळशी कोणीच नाही.

हा प्रश्न राज्य सरकारपर्यंत पोहोचला होता. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विचार करून शाळांच्या वेळा बदलाव्यात, असे डिसेंबर २०२३ मध्ये सुचवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने आदेश काढला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा तो आदेश. निर्णय चांगलाच होता. पण शरीराचे घड्याळ खऱ्या अर्थाने पुढे सरकते ते पाचवी ते दहावीच्या वयात, आणि तीच मुले त्यातून वगळली गेली. वर्गखोल्या कमी असल्याने अनेक शाळा दोन सत्रांत चालतात. तिथे धाकट्यांना नऊनंतर आणायचे तर पहाटेचे सत्र मोठ्यांच्याच वाट्याला येते. जीवशास्त्राच्या दृष्टीने ही वाटणी नेमकी उलटी आहे.

अमेरिकेच्या उपनगरांतही हीच उलटी वाटणी आहे. चित्रपटांत दिसते ती हायस्कूल आठवा. पिवळी बस, लॉकर, फुटबॉलचे मैदान. त्याच बसगाड्या दोन-तीन फेऱ्या करतात आणि पहिली फेरी बहुधा हायस्कूलच्या मुलांची असते. २०१४ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरू नये, अशी शिफारस केली. सिएटल शहराने २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. 'मुले तेवढीच उशिरा झोपतील' असा आक्षेप होताच. संशोधकांनी मनगटावरील यंत्राने झोप मोजली, तेव्हा ती रोज ३४ मिनिटांनी वाढलेली आढळली. कॅलिफोर्नियाने साडेआठचा नियम कायद्यात घातला आणि जुलै २०२२ पासून लागू केला. फ्लोरिडानेही २०२३ मध्ये असा कायदा केला, पण बसगाड्या आणि खर्चाचे गणित जमेना म्हणून २०२५ मध्ये मागे घेतला. आदेश काढणे सोपे. बस, वर्गखोल्या आणि पालकांच्या नोकऱ्या यांची सांगड घालणे अवघड, हा त्यातला धडा.

पण वेळ बदलेपर्यंत उशिरा पोहोचणाऱ्या मुलाचे आपण काय करतो, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या वसईत उशिरा आलेल्या सहावीतील मुलीला शंभर उठाबशा काढायला लावल्याची आणि काही दिवसांनी तिचा मृत्यू झाल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली. मृत्यूचे कारण ठरवणे हे तपासाचे आणि न्यायालयाचे काम आहे, त्यावर मी बोलणार नाही. डॉक्टर म्हणून एक सर्वसाधारण गोष्ट मात्र सांगायला हवी. राज्यातील निम्म्याहून अधिक किशोरवयीन मुलींमध्ये रक्तक्षय आढळतो. झोप अपुरी, पोट रिकामे, पाठीवर दप्तर, अशा स्थितीत सवय नसलेला जोरकस व्यायाम निरुपद्रवी नसतो. चक्कर येऊ शकते, लपलेला हृदयविकार किंवा दमा उफाळू शकतो. क्वचित स्नायूंच्या पेशी फुटून त्यातील प्रथिन मूत्रपिंडांवर आघात करते. 'थोड्या उठाबशांनी काय होते' हे वाक्य वैद्यकशास्त्राला मान्य नाही. कायद्यालाही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे.

मग करायचे काय? दोन सत्रांच्या शाळांनी शक्य तिथे सत्रांची अदलाबदल तपासून पाहावी. संध्याकाळी अंधारात परतणाऱ्या मुलींचा प्रश्न खरा आहे, म्हणून हा निर्णय पालकांना बसवून घ्यावा. तेही जमत नसेल तर सातची घंटा साडेसातला वाजली तरी आठवड्याला तीन तासांची झोप परत मिळते. पहिल्या तासाला चाचणी नको. वारंवार उशिरा येणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर उभे न करता 'रात्री कधी झोपलास, सकाळी काय खाल्लेस' एवढे विचारावे. त्याची चिठ्ठी पालकांकडे आणि गरज पडल्यास आमच्याकडे यावी.

पालकांसाठी चार गोष्टी. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत; घर एका खोलीचे असेल तर कपाटावर. दुपारची झोप अर्ध्या तासाची. चहा-कॉफी दुपारनंतर नाही. रविवारी एखादा तास जास्त झोपू द्या, पण बारा वाजेपर्यंत नको, नाहीतर सोमवारची पहाट आणखी जड जाते. मूल तोंड उघडे ठेवून जोरात घोरत असेल, नऊ तास झोपूनही पेंगत असेल किंवा आठवडेच्या आठवडे उदास असेल तर मात्र तपासणीला आणा.

त्या आईला मी टॉनिक दिले नाही. केसपेपरवर लिहिले, 'झोप आठ तास. क्लासची वेळ बदलणे.' ती कागद हातात घेऊन म्हणाली, "क्लासची बदलते हो. शाळेची कोण बदलणार?" त्याचे औषध माझ्याकडे नव्हते.