ओव्हन नाही म्हणून केक स्वस्त विकू नका



नो-बेक चॉकलेट केकचा व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. बिस्किटं, चॉकलेट, क्रीम, बटर, फ्रीज, झालं. रेसिपी एवढी सोपी आहे की दहावीतली मुलगीही एका दुपारी शिकेल. म्हणूनच हा केक घरून विकायचा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो. ओव्हनचे दहा-पंधरा हजार वाचतात, क्लासची फी वाचते. विचार चांगलाच आहे. माझं भांडण आहे ते पुढच्या वाक्याशी: "सर, बेकिंग नाहीये ना, मग साडेतीनशेला अर्धा किलो देते."

का बरं साडेतीनशे?

चला, वही काढा. साधारण ६०० ग्रॅमच्या एका केकचा हिशेब करू. मारी बिस्किटं २०० ग्रॅम, डार्क कंपाउंड २०० ग्रॅम, फ्रेश क्रीम १२० मिली, बटर ४० ग्रॅम, थोडी साखर आणि ३० ग्रॅम अक्रोड. कंपाउंडपैकी १२० ग्रॅम आतल्या मिश्रणात जातं, ८० ग्रॅम वरच्या थरात. भाव तुमच्या गावचे घाला, मी अंदाजाने धरतोय: बिस्किटं ३५, कंपाउंड ९०, क्रीम ३५, बटर २५, अक्रोड ३५. झाले २२० रुपये. बॉक्स, बोर्ड, मेणबत्ती, स्टिकर धरून आणखी ३५. म्हणजे २५५.

बहुतेक जण इथेच वही मिटतात. साडेतीनशेतून २५५ गेले, ९५ सुटले, मस्त! पण पोहोचवायला गेलात त्याचं पेट्रोल ३० रुपये. फ्रीज आणि गॅसचे १५ धरा. कधी चॉकलेट बिघडतं, कधी केक साच्यातून काढताना तुटतो, उरलेलं क्रीम आंबतं, त्याचे २५. आता हातात राहिले २५ रुपये. आणि काम किती वेळ केलंत? बिस्किटं मोडणं, वितळवणं, भरणं, सजवणं, भांडी घासणं, गिऱ्हाइकाचे तीन फोन. सव्वा तास कुठेच गेला नाही. सव्वा तासाची मजुरी २५ रुपये! ताशी १०० रुपये धरले, जे काही फार नाहीत, तर हा केक तुम्हाला ४५० ला पडतो. साडेतीनशेला विकलात म्हणजे गिऱ्हाइकाला १०० रुपये खिशातून घातलेत. फक्त ते नोटांच्या रूपात गेले नाहीत म्हणून दिसले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, "सर, साडेपाचशे सांगितले तर लोक म्हणतात बेकरीत तीनशेला मिळतो." बरोबर आहे, म्हणणारच. कारण आपण त्याला बेकरीच्या केकशेजारी नेऊन उभं केलंय. बेकरीचा केक म्हणजे स्पंज आणि फेटलेलं क्रीम. दोन्हींत हवा भरपूर, त्यामुळे अर्धा किलोही डोळ्यांना मोठा दिसतो. आपला केक भरीव असतो. तेवढ्याच वजनात तो बिचारा लहान दिसतो. वाढदिवसाच्या टेबलावर आकार बघतात, वजन कोणी बघत नाही. त्या लढाईत आपण हरणार.

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे की नो-बेक चॉकलेट केक अर्ध्या किलोच्या भावाने विकूच नका, तुकड्याने विका.

हा केक खाल्लात तर लक्षात येईल. ५० ग्रॅमच्या तुकड्यात पोट नाही तर मन तरी भरतं. ६०० ग्रॅमचे असे १२ तुकडे होतात. इटलीत हाच प्रकार लांब गुंडाळी करून गार करतात आणि चकत्या कापून खातात. तिथे त्याला चॉकलेटची सलामी म्हणतात. म्हणजे कापून, थोडा थोडा खायचाच हा पदार्थ आहे. ५० रुपयांना तुकडा म्हटलं की कोणी बेकरीची आठवण काढत नाही. लोक त्याची तुलना चॉकलेटच्या बारशी करतात, आणि तिथे आपला हातचा, अक्रोड घातलेला, ताजा तुकडा उजवा ठरतो.

आणि खरा फायदा पुढेच आहे. ओव्हन नाही याचा अर्थ "खर्च वाचला" एवढाच नाही. घरगुती ओव्हनमध्ये एका वेळी एक-दोन केक बसतात, मग थांबा, पुन्हा लावा. इथे ती अडवणूक नाही. एक ट्रे करायला सव्वा तास लागत असेल तर चार ट्रे करून, कापून, बटर पेपरमध्ये गुंडाळायला तीन तास पुरतात. रात्री फ्रीजमध्ये ठेवायचे, सकाळी कापायचे. चार ट्रेचा हिशेब बघा: माल ८८०, नासाडी १००, वीज-गॅस ४०, कागद आणि बॉक्स १५०, एका फेरीचं पेट्रोल ६०, तुमची मजुरी ३००. एकूण १५३०. तुकडे ४८, पन्नासने २४०० आले. मजुरी आधीच काढलीये, वर ८७० सुटले. ४८ पैकी ३६ च खपले तरी १८०० येतात, तोटा नाही. कॉलेजसमोरच्या चहावाल्याला ३५ ने सगळे दिले तरी मजुरी सुटून १५० हातात राहतात. हेच गणित साडेतीनशेच्या केकवर करून बघा.

आता "बिस्किटाचा केक" म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०११ साली ब्रिटनच्या प्रिन्स विल्यमच्या लग्नात मुख्य फ्रूट केकशिवाय आणखी एक केक होता, खुद्द नवरदेवाच्या आवडीचा. तो चॉकलेट बिस्किट केक होता, न भाजलेला, आपल्या मारीसारख्याच साध्या चहाच्या बिस्किटांचा. बिस्किटाची कंपनी मॅकव्हिटीज हिनेच तो केला होता. राजवाड्यात चालतो तो सोसायटीत का लाजेल? फक्त हे गिऱ्हाइकाला भाषणासारखं ऐकवू नका, तुकडा हातात द्या.

फ्रीजबद्दल मात्र मी कडक बोलणार. ओव्हनची जागा इथे फ्रीज घेतो आणि तो घरचा असतो. त्याच फ्रीजमध्ये चिरलेला कांदा, कालची मच्छी, उघडं ताक. चॉकलेट आणि बटर वास पटकन धरतात. तुम्हाला तो येणार नाही, कारण तुम्ही रोज तो फ्रीज उघडता. गिऱ्हाइकाला पहिल्या घासात येईल, तो काही बोलणार नाही आणि परत ऑर्डर देणार नाही. एक कप्पा केकसाठी राखून ठेवा, ट्रे घट्ट झाकणाचेच घ्या. क्रीमचा माल आहे, तीन दिवसांत संपवायचा. "पंधरा दिवस टिकतो" असं कोणाला सांगू नका. भारनियमन असलेल्या गावात तर ज्या दिवशी वीज जाते त्याच्या आदल्या रात्री माल करायचाच नाही.

उन्हाळ्याचंही तसंच. चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. कंपाउंडमध्ये दुसरी वनस्पती चरबी असते, ते थोडं जास्त तग धरतं, पण क्रीम मिसळल्यावर तोही भरवसा नाही. नागपूर-अकोल्याच्या मेमध्ये दुपारी स्कूटीवर हा केक नेणं म्हणजे चॉकलेटचा रस पोहोचवणं. तिथे सकाळी नऊच्या आत, थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्या घालूनच न्या, नाहीतर महिनाभर सरळ बंद ठेवा. बंद ठेवणं हा पण धंद्याचाच निर्णय आहे.

आणि श्रावण विसरू नका! या केकमध्ये अंडं नाही. एरवी अंड्याचा केक चालणारी कितीतरी घरं श्रावणात तो टाळतात, वाढदिवस मात्र येतातच. राखीचाही हंगाम त्यातच. बिस्किटाच्या आणि कंपाउंडच्या पुड्यावर हिरवा ठिपका आहे ना, ते स्वतः बघा आणि मगच "बिनअंड्याचा" म्हणा. कंपाउंड वापरताय तर "प्युअर बेल्जियन चॉकलेट" असं लिहू नका. मैदा, दूध, अक्रोड आहे हेही लिहा, लहान मुलांना ॲलर्जी असते.

एफएसएसएआयची नोंदणी विक्रीच्या आधी करा, नंतर नाही. छोट्या घरगुती कामाला मोठं लायसन्स लागत नाही, साधी नोंदणी लागते. अर्ज फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाइन होतो आणि १४ अंकी नंबर मिळतो. तो स्टिकरवर छापा. दुकानदार माल ठेवून घेताना आधी तोच बघतो.

या आठवड्यात चार नाही, एकच ट्रे करा. १२ तुकडे. बहिणीला, जावेला, शेजारच्या काकूंना फुकट वाटू नका, फुकटचं सगळ्यांनाच छान लागतं. पन्नास रुपये सांगा आणि गप्प बसा. कोणी घेतला, कोणी नाही, आणि चार दिवसांनी आपणहून कोणी परत विचारलं, हे वहीत त्याच हिशेबाखाली लिहून ठेवा. दुसऱ्यांदा विचारणारे तीन जण निघाले तर पुढच्या रविवारी चार ट्रेचा माल आणायला हरकत नाही.