बधिर हात आणि मानेचा व्यायाम



‘मानेची गादी सरकणे हा संगणकवाल्यांचा आजार’ हे आपल्या लेखातले विधान आमच्याकडे टिकत नाही. डोक्यावर मोळी वाहणाऱ्या, भाताच्या रोवणीत दिवसभर वाकणाऱ्या बायांनी संगणक कधी वापरला?

मान गरगर फिरवण्याचा लेखातला सल्ला तर घातकच. हातात मुंग्या असताना मान मागे कलली की नस आणखी दबते. हनुवटी सरळ मागे घेणे, खांद्याची पाती जवळ आणणे, एवढे पुरे. कळ हाताकडे उतरू लागली की थांबावे.

मोठी चूक वेगळीच. बधिरपणा म्हणजे मानच, हे लेखकाने गृहीत धरले. कुष्ठरुग्णांसाठी उभे राहिलेले वरोऱ्याचे आनंदवन ज्या जिल्ह्यात आहे, तिथे हे लिहावे? करंगळी बधिर, कोपराजवळची नस जाड, अंगावर न खाजणारा फिकट चट्टा, असे असेल तर आधी कुष्ठरोगाची तपासणी. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, कोर्स ६ किंवा १२ महिन्यांचा. व्यायामात वेळ घालवला तर बोटे वाकडी होऊ शकतात.

चालताना तोल जाणे, शर्टाची बटणे न लागणे, लघवीवर ताबा न राहणे यांचा लेखात उल्लेखही नाही. अशा वेळी व्यायामाची चटई गुंडाळून तडक डॉक्टरकडे जायचे असते. हे पुढच्या अंकात छापावे.

– एक वाचक, मूल (जि. चंद्रपूर)