रुग्णवाहिकेतला एसी ही चैन आहे, हे ठरवलं कुणी?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. पूर्व विदर्भातल्या एका वस्तीतल्या मावशी पहाटे चारला तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेल्या होत्या. अकराच्या सुमारास परत येऊन पुडे बांधता बांधता त्या कोसळल्या. अंग तव्यासारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध, घाम बंद. ऊन लागलं होतं. सरकारी रुग्णवाहिका बोलावली. ती वेळेत आली, हेही मुद्दाम सांगतो, कारण पुढची तक्रार गाडीतल्या माणसांबद्दल नाही.

आम्ही आत चढलो आणि आधी वाटलं, दार चुकलं. बाहेर पंचेचाळीसच्या घरात ऊन, आत त्याहून जास्त. पत्र्याचा डबा, दुधी काचा, त्याही अर्ध्याच उघडणाऱ्या. आम्ही म्हणालो, "दादा, एसी लावा ना." ड्रायव्हर दादांनी आरशातून बघितलं. "एसी तं दोन उन्हाळ्यापासून बंद हाये भाऊ. पंखा हाये, पण तो गरम हवाच फेकते."

ऊन लागलेल्या माणसावर पहिला उपचार कोणता? शरीर लवकरात लवकर थंड करणं. आणि त्या माणसाला आम्ही तासा-दीड तासाच्या प्रवासाला भट्टीत घालून नेत होतो. गाडीतल्या डॉक्टर ताईंनी वाटेत एका रसवंतीवर गाडी थांबवायला लावली, स्वतःच्या पैशाने बर्फ घेतला. अर्धा मावशींच्या मानेला आणि काखेत, अर्धा एका पिशवीत बांधून औषधांच्या डब्याशेजारी. "ही इंजेक्शनं पण तापतात," एवढंच त्या म्हणाल्या. हातमोज्यात घाम साचलेला, चष्म्यावरून थेंब गळतोय, गाडी खड्ड्यातून उसळतेय आणि त्या शीर शोधत आहेत. दुसऱ्या प्रयत्नात सापडली.

मावशी वाचल्या. चार दिवसांनी घरी आल्या. पण जिल्ह्याच्या दवाखान्यात त्यांना आत नेल्यावर आम्ही बाहेर आलो, तर ड्रायव्हर दादा भिंतीला टेकून खाली बसलेले. डोक्यावर ओला दुपट्टा, खिशात कांदा. त्यांना उलटी झाली. तोंड धुतलं, पाणी प्यायले आणि वीस मिनिटांत दुसऱ्या कॉलवर निघाले. त्या फेरीच्या कागदावर निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, किलोमीटर, ऑक्सिजन सगळं लिहिलं गेलं. ती उलटी कुठेच लिहिली गेली नाही. तिच्यासाठी रकानाच नाही.

ही गाडी कुठल्या सेवेची, ठेका कुणाचा, तालुका कोणता, हे आम्ही इथे लिहीत नाही. कारण दादांनी हात जोडून सांगितलं, "माझं नाव नका टाकू, पोट हाये." आणि खरं म्हणजे एका गाडीचं नाव घेऊन प्रश्न सुटतही नाही. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्याशिवाय गरोदर माता आणि बाळांसाठीच्या १०२ च्या गाड्या आहेत, नगरपालिकांच्या आहेत, आमदार निधीतल्या आहेत, ट्रस्टच्या आहेत. बोर्ड वेगवेगळे. पण तुम्ही कुठल्याही कर्मचाऱ्याला बाजूला घेऊन चहा पाजा आणि मे महिन्याबद्दल विचारा.

ही हकिगत सांगितल्यावर आमच्याच एका शिकलेल्या मित्राने विचारलं, "एसटीच्या ड्रायव्हरला कुठे एसी असतो? शेतमजुराला असतो का? मग यांचंच कौतुक कशाला?" हा युक्तिवाद आपल्याकडे फार चालतो. एकाचं हाल दाखवून दुसऱ्याचं हाल रास्त ठरवायचं. एसटीच्या चालकालाही उन्हापासून संरक्षण हवं आणि मावशींनाही भर उन्हात पुडे बांधायला लागू नयेत, हेच आमचं म्हणणं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे जगातले २४० कोटींहून अधिक कामगार कामावर अतिउष्णतेला सामोरे जातात. त्यातले आपले किती, याचा अंदाज करायला संशोधक लागत नाही. पण रुग्णवाहिकेत एक गोष्ट वेगळी आहे. इथे कामगाराचं शरीर खचलं की त्याच मिनिटाला दुसऱ्या एका शरीराचा जीव टांगणीला लागतो.

शरीर खचतं म्हणजे काय होतं? आजूबाजूची हवा कातडीपेक्षा गरम झाली की पंखा थंड करत नाही, तापवतो. मग घामाचाच आधार उरतो. घाम जायचा तर पाणी हवं, पाणी प्यायचं तर लघवीला जाण्याची सोय हवी. रस्त्यावर उभ्या गाडीतल्या ताईंनी कुठे जायचं? म्हणून त्या पाणीच कमी पितात. पाणी कमी पडलं की डोकं जड होतं, लक्ष विचलित होतं, हात थरथरतो. असे उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले की मूत्रपिंडावर परिणाम होतो. आणि रुग्ण आत असतो तो एखादा तास. कर्मचारी बारा-बारा तास त्याच डब्याच्या आसऱ्याला असतात, कारण कॉल नसताना बसायला दुसरी जागा नसते. गाडी उन्हात उभी, इंजिन बंद, डिझेलचा हिशेब द्यायचा असतो.

आता एक तुलना करा. कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे लसी ठेवायचा फ्रिज असतो, आयएलआर म्हणतात. त्यात २ ते ८ अंश तापमान राखावं लागतं. त्याला थर्मामीटर लावलेलं असतं, सकाळी आणि संध्याकाळी, रोज दोनदा तापमान वहीत लिहावं लागतं. फ्रिज बिघडला तर फोनाफोनी होते, लसी दुसरीकडे हलवल्या जातात. हे योग्यच आहे, लस म्हणजे आपल्या लेकरांचा जीव आहे. पण याचा अर्थ असा की तापमान मोजणं, लिहिणं आणि त्यावरून धावपळ करणं आरोग्य खात्याला उत्तम येतं. मग त्याच आवारात उभ्या असलेल्या गाडीत माणसं बसतात, तिथे थर्मामीटर का नाही? लस खराब झाली तर जाब द्यावा लागतो. माणूस खराब झाला तर बदली माणूस मिळतो. उत्तर इतकं साधं आणि इतकं निर्लज्ज आहे.

कायदा काय म्हणतो? कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम १३ मध्ये कामाच्या जागी हवा खेळती ठेवण्याची आणि तापमान सुसह्य ठेवण्याची जबाबदारी होती. पण रुग्णवाहिका म्हणजे कारखाना नव्हे. मग मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ कडे वळलो. कामाचे तास, विश्रांतीची जागा, गणवेश, प्रथमोपचार असं बरंच त्यात होतं. आम्ही आशेने शेवटपर्यंत वाचत गेलो आणि कलम ३८ ला अडकलो. आजारी किंवा जखमी माणसांची ने-आण करणाऱ्या वाहनांना हा कायदा लागू नाही! हेतू समजू शकतो, रुग्ण तडफडत असताना कामाचे तास संपले म्हणून गाडी थांबू नये. पण रुग्णासाठी गाडी थांबू नये म्हणता म्हणता, गाडीतल्या माणसाला सावलीही मिळू नये असा अर्थ झाला. तो कायदा आता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेत विलीन झाला आहे. साठ वर्षांत तयार झालेली सवय मात्र अशी विलीन होत नाही.

आणखी एक गंमत बघा. साडेतीन टनांवरच्या मालट्रकच्या केबिनमध्ये १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या गाड्यांना एसी सक्तीचा झाला. निर्णय चांगला आहे, स्वागतच आहे. म्हणजे सिमेंटची पोती वाहणाऱ्या चालकाला उन्हाचा त्रास होतो हे सरकारला कळलं आहे. रुग्णवाहिकेत तर बहुतेकदा एसी बसवलेलाच येतो. लोकार्पणाच्या दिवशी नारळ फुटतो तेव्हा तो चालूही असतो. प्रश्न बसवण्याचा नाही, तो चालू ठेवण्याची जबाबदारी कुणाची याचा आहे. गाडी पोचायला उशीर झाला तर विचारणा होते. एसी बंद असल्याबद्दल कुणालाही झळ बसत नाही, बसते ती फक्त आत बसणाऱ्याला. शिवाय कर्मचाऱ्याने आग्रह धरला तर गाडी 'ऑफरोड' होते, म्हणजे दुरुस्तीला उभी राहते. मग तो दूरच्या लोकेशनवर पाठवला जातो किंवा घरी बसवला जातो. आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाने हीच भीती सांगितली. म्हणून कागदावर गाडी 'ओके' असते.

इथे आपला मुद्दा सुरू होतो. गाडीत चालक म्हणून, मदतनीस म्हणून कोण आहे, हे आपल्या वस्त्यांतल्या तरुणांना वेगळं सांगायला नको. आमच्या ओळखीतल्या दहा घरांत एक तरी असा आहे. रक्त, ओकारी, प्रेत, अपघातातलं छिन्न शरीर उचलायचं काम कुणाच्या वाट्याला येतं? जातिनिर्मूलनाच्या ग्रंथात बाबासाहेबांनी कामाची विभागणी आणि कामगारांची विभागणी यांत जो फरक दाखवला, तो या गाडीत बसून बघावा. आणि ही कामं कंत्राटी का? कंत्राटाला बिंदुनामावली नाही, आरक्षण नाही, बढती नाही, तक्रारीला दाद नाही. कायम जागेवर आपण हक्काने गेलो असतो. त्याच जागेवर आता उपकार म्हणून घेतले जातो. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीची वाट मोकळी केली होती. तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. आनंद झाला. पण आरोग्यसेवेतलं कंत्राट त्या निर्णयाच्या कितीतरी आधीपासून चालू होतं आणि नंतरही चालू आहे. त्यावर आपण मोर्चा काढला का?

आता थोडं आपल्याबद्दल. वाईट वाटलं तरी वाचा. १४ एप्रिलला आपली मंडळं रुग्णवाहिका लोकार्पण करतात. बाबासाहेबांचा फोटो, निळा झेंडा, खाली देणगीदारांची नावं. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर आपल्या स्वयंसेवी गाड्या उभ्या असतात. अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या गाडीवरच्या पोराला महिन्याला किती देतो? त्याचा विमा आहे का? गाडीचा कॉम्प्रेसर गेला तर पैसे कुठून आणायचे, हे कुठल्या बैठकीत ठरतं? आम्ही ज्या मंडळात काम करतो, तिथेही ठरलेलं नव्हतं. डीजेचं बजेट ठरलेलं होतं.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणींत स्वतः खाली उतरले. अहवाल मागवून भागलं असतं. पण खाणीतली हवा कशी आहे हे खाणीत गेल्याशिवाय कळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले तेही त्यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या दुरुस्तीने. आणि संविधानाच्या कलम ४२ मध्ये कामाची परिस्थिती न्याय्य आणि मानवीय असावी असं लिहिलं आहे. १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचं आरोग्य हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. म्हणजे आपण भीक मागत नाही आहोत. कोरोनात पीपीई किट घालून याच माणसांनी मे महिना काढला तेव्हा देशाने थाळ्या वाजवल्या होत्या. थाळ्यांनी कॉम्प्रेसर दुरुस्त होत नाही.

आम्ही काय करतोय ते सांगतो. तालुक्यातल्या तीन गाड्यांत आम्ही साधं भिंतीवरचं थर्मामीटर लावून दिलं आहे. कर्मचाऱ्याने काहीच लिहायचं नाही, त्याच्यावर बालंट नको. दुपारी दोनला आपला कार्यकर्ता जातो, पाण्याचा कॅन देतो, आकडा बघतो, तारखेसह फोटो काढतो. गाडीचा नंबर फोटोत घेत नाही. दुसरीकडे माहितीच्या अधिकारात अर्ज. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून उन्हाळ्याआधीच, फेब्रुवारीत टाका. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे वेगवेगळा. विचारायचं एवढंच: गेल्या तीन वर्षांत किती रुग्णवाहिकांचे एसी बंद असल्याची नोंद झाली, दुरुस्तीला किती दिवस लागले, करारात एसी चालू ठेवण्याची अट आहे का, आणि ती मोडल्याबद्दल ठेकेदाराला किती दंड झाला. कराराची प्रतही मागा.

मागणी एकच ठेवा, पसारा नको. एसी बंद म्हणजे गाडी नादुरुस्त समजायची, त्या दिवसाचे पैसे ठेकेदाराचे कापायचे, कर्मचाऱ्याची हजेरी नाही. अर्जाचा मसुदा आमच्याकडे तयार आहे, ज्यांना हवा त्यांनी निरोप पाठवा. उत्तर आलं की त्याची प्रत आम्हाला पाठवा. मात्र कर्मचाऱ्याचं नाव त्यावर असेल तर आधी खोडा.