छोट्या वर्कशॉपमधला नट आणि युरोपचा फॉर्म

नागापूर आणि सुपा एमआयडीसीसारख्या ठिकाणी जॉबवर्क करणाऱ्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना माल घेणाऱ्या कंपनीकडून एक फॉर्म येतो. तुमच्या मालात अमुक घातक पदार्थ आहेत का, असतील तर वजनाच्या किती टक्के, सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. "आम्ही नट बनवतो, औषधं थोडीच बनवतो?" असं म्हणून सगळीकडे 'नाही' लिहून फॉर्म परत पाठवणारेही असतात. या कामावर पारनेर, श्रीगोंदा, नगर तालुक्यातली आपलीच पोरं आहेत, म्हणून हे प्रकरण समजून घ्यायला पाहिजे.

द्राक्षवाल्यांना २०१० साल आठवत असेल. वेलीची वाढ रोखायला मारलेल्या सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश युरोपात सापडले आणि महाराष्ट्राचे कंटेनर तिकडे अडकले. माल गोड होता, मणी टपोरे होते, पण आत काय आहे याची तपासणी इथं झालेली नव्हती, कारण ते औषध तपासायच्या यादीतच नव्हतं. फळाला लागला तोच हिशोब युरोप लोखंड, पितळ, रबर आणि प्लॅस्टिकलाही लावतो.

त्यांचा 'रीच' नावाचा कायदा १ जून २००७ पासून लागू आहे. कॅन्सर करणारे, गर्भाला बाधणारे, शरीरात साचून राहणारे अशा पदार्थांची एक यादी त्यात आहे. २००८ मध्ये ती पंधरा नावांनी सुरू झाली, आता अडीचशेच्या आसपास गेली आहे आणि साधारण वर्षातून दोनदा वाढते. वस्तूत यातला एखादा पदार्थ वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर घेणाऱ्याला तसं कळवावं लागतं. शिवाय तिथल्या गिऱ्हाईकानं विचारलं तर ४५ दिवसांत फुकट उत्तर द्यावं लागतं. कायद्यानं जबाबदारी तिथल्या आयातदाराची आहे. पण तो इथल्या कंपनीला विचारतो, कंपनी आपल्या वर्कशॉपवाल्याला विचारते. ऊस कारखान्याला गेला तरी उतारा शेवटी शेतापर्यंत येतो, तसंच हे.

खरी गोम टक्के कशाचे काढायचे यात आहे. दहा किलोच्या मोटरीत दहा ग्रॅमची रबरी रिंग आहे. पूर्ण मोटरीच्या वजनावर हिशोब केला तर काहीच निघत नाही. पण १० सप्टेंबर २०१५ ला युरोपच्या न्यायालयानं सांगितलं की हिशोब त्या रिंगचाच करायचा. त्या दिवसापासून बारक्यातला बारका पार्टसुद्धा या फॉर्मात आला.

पितळेचं उदाहरण घ्या. लेथवर चांगलं कापलं जावं म्हणून पितळेत दोन-तीन टक्के शिसं असतं. विजेच्या सामानाच्या 'रोह्स' नियमात तांब्या-पितळेला चार टक्क्यांपर्यंत सवलत ठेवलेली आहे, म्हणजे तो माल बंद नाही. पण २०१८ मध्ये शिसं 'रीच'च्या यादीत गेलं, त्यामुळे ते आहे म्हणून लिहून द्यावं लागतं. 'आहे' लिहिलं तर माल परत येईल या भीतीनं 'नाही' लिहिणारा इथं फसतो. खरं लिहिलं असतं तर माल गेला असता. खोटं लिहिल्यावर तिकडच्या तपासणीत सापडलं तर ऑर्डरही जाते आणि नावही जातं.

प्लेटिंगचं तसं नाही. जस्ताच्या मुलाम्यावर जुन्या पद्धतीनं पिवळसर झळाळी आणतात त्यात सहा-संयुजी क्रोमियम असतं. विजेच्या वस्तूंत त्याला ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. आणि हे फक्त युरोपच्या गिऱ्हाईकाचं दुखणं नाही. क्रोमच्या टाकीची वाफ वर्षानुवर्षं नाकात गेली तर नाकाचा पडदा फाटतो, फुफ्फुसाचा कॅन्सर होतो. तिथं टाकीजवळ गावाकडचा पोरगा उभा असतो, आणि सांडपाणी नीट प्रक्रिया न करता सोडलं तर ओढ्यातून विहिरीत उतरतं. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक कामाची माहिती कामगाराला देणं बंधनकारक झालं. युरोपच्या फॉर्मासाठी जी माहिती गोळा होते ती टाकीजवळच्या पोरालाही कळायला काय हरकत आहे? माझ्या मते पहिला हक्क त्याचाच.

आपल्याकडेही ई-कचऱ्याच्या नियमांत शिसं, पारा, कॅडमियम, सहा-संयुजी क्रोमियम यांना मर्यादा आहेत, त्यामुळे निर्यात न करणाऱ्यानंही निवांत राहू नये.

वर्कशॉपवाल्यानं करायचं काय? पितळेचा रॉड घेताना बिलासोबत टेस्ट सर्टिफिकेट मागा. भंगार वितळवून केलेला रॉड स्वस्त पडतो, पण त्यात काय आलं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. प्लेटिंगवाल्याकडून कोणतं क्रोमियम वापरलं ते चलनावर लिहून घ्या. सराफाकडं सोन्याचा कॅरेट बघायचं मशिन असतं त्याच जातीची एक्सआरएफ गन शिसं लगेच दाखवते. मात्र क्रोमियम कोणत्या प्रकारचं आहे हे ती सांगत नाही, आणि वायरीचं पीव्हीसी मऊ करायला घातलेले थॅलेटही तिला दिसत नाहीत; त्याला लॅबच लागते. हे कागद बॅचनुसार फाईलला लावून ठेवा. यादी वाढली की फॉर्म पुन्हा येतो, तेव्हा मागच्या वेळचा झेरॉक्स करून पाठवू नका.