पायाखालचा ब्रेक : दोनदा दाबून लागतो, म्हणजे लागत नाही!

आमच्या वस्तीत पूर्वी दारात सायकल आली तरी पेढे वाटले जात. आज त्याच गल्लीत जुन्या मारुती ८०० आणि ओम्नी उभ्या दिसतात. मारुती ८०० बनणे २०१४ साली बंद झाले, ओम्नी २०१९ साली. पण कारखान्याने सोडलेल्या या गाड्या कष्टकऱ्यांच्या संसारात अजून राबत आहेत. कुणी त्यात मंडपाचे सामान नेतो, कुणी भाजी, आणि रविवारी त्याच गाडीत सारे कुटुंब बसते. म्हणून आज या सदरात ब्रेकच्या पेडलविषयी लिहायचे ठरवले आहे. निमित्त आमच्याच चुकीचे आहे, ते आधी सांगतो.

आमच्या शेजारच्या भाऊंनी जुनी ओम्नी घेतली. नाशिकला नात्यातले लग्न होते. लहानमोठी मिळून आम्ही आठ माणसे. आदल्या दिवशी आम्ही सहज विचारले, "भाऊ, ब्रेक कसा आहे?" भाऊ म्हणाले, "एकदम ओके. दोनदा दाबला की लागतो!" आम्ही पडलो कारकून, पण शेजारच्या गॅरेजवर चहा पिता पिता थोडेफार पाहिलेले. अंगात उत्साह फार. पेडल खाली जाते ना, मग वर घेऊ, असे म्हणून आम्ही पाना घेतला, पेडलमागच्या दांड्याचा चेकनट सैल केला आणि दांडा फिरवून लांब केला. पेडल वर आले, कडकही झाले. भाऊ खूश, आम्ही त्याहून खूश.

दुसऱ्या दिवशी शहापूरच्या अलीकडे जळका वास सुटला. गाडी ओढेना. उतरून पाहतो तो पुढच्या दोन्ही चाकांना हात लावता येईना, इतकी तापलेली. रस्त्यावरच्या मिस्त्रींनी पेडलखाली डोके घातले आणि विचारले, "हा दांडा कोणी पिळला?" आम्ही गप्प. त्यांनी दांडा पुन्हा आखूड केला, चाके सुटली. पण पेडल पुन्हा होते तिथेच खाली गेले. मागचे ड्रम उघडले तर लायनर संपून धातूला टेकलेले. पुढे कसाऱ्याचा घाट होता. वहिनींनी एकच वाक्य सांगितले, "गाडी इथेच राहू दे, आपण यष्टीने जाऊ." लग्न लागून गेल्यावर आम्ही मांडवात पोचलो, पण आठच्या आठ पोचलो.

आमची चूक काय झाली, ते नीट समजून घेतले पाहिजे. पेडल दाबले की दांडा मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पुढे ढकलतो, ब्रेक ऑईलवर दाब येतो आणि तो नळ्यांतून चारही चाकांपर्यंत पोचतो. पाय उचलला की पिस्टन पूर्ण मागे यावा लागतो, तेव्हाच एक बारीक छिद्र उघडे होऊन ऑईल टाकीत परतते. दांडा गरजेपेक्षा लांब झाला तर पिस्टन मागे येत नाही आणि ते छिद्र बंदच राहते. ऑईल तापून फुगते, दाब वाढतो, आणि पाय नसतानाही ब्रेक धरून राहतो. आजार मागच्या चाकात, आणि औषध आम्ही पेडलला दिले!

आता तपासणी कशी करायची ते पाहू. तीन मापे ध्यानात ठेवा.

पहिले माप उंचीचे. पायपुसणे काढून मोकळ्या पत्र्यापासून पेडलपर्यंतचे अंतर मोजा.

दुसरे माप मोकळ्या चालीचे, म्हणजे 'प्ले'चे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधली ओढ संपेल. मग बोटाने हलके दाबा. विरोध लागेपर्यंत पेडल जेवढे हलते तेवढा प्ले. तो थोड्या मिलिमीटरांचाच असतो, पण असावाच लागतो.

तिसरे माप शिलकीचे. इंजिन चालू ठेवून पेडल जोराने दाबून धरा आणि खाली किती जागा उरते ते पाहा. जमाखर्चात शिल्लक संपली की घर अडचणीत येते, तसेच इथे आहे. नेमके आकडे आपल्या गाडीच्या पुस्तिकेत असतात. दुसऱ्याच्या गाडीचे माप आपल्या गाडीला लावू नये.

उंची किंवा प्ले चुकला असेल, तरच दांड्याला हात लावावा. आधी ब्रेकलाईटचा स्विच मागे घ्यावा, मग दांड्याचा चेकनट सैल करून थोडे थोडे फिरवावे, मापे पुन्हा घ्यावीत, नट घट्ट करावा. शेवटी स्विच जागेवर आणून मागचा लाल दिवा पाय ठेवल्यावर लागतो आणि उचलल्यावर विझतो, हे दुसऱ्याला पाहायला सांगावे.

शिल्लक कमी असेल, तर कारण बहुधा इतरत्र असते. पेडल काय सांगते ते पायानेच ओळखावे.

पेडल खाली जाते, पण दोनदा दाबल्यावर वर येते : मागचे लायनर झिजलेत किंवा त्यांची जुळवणी सुटली आहे. काही गाड्यांत ही जुळवणी आपोआप होते, पण ती यंत्रणा गंजून अडकते.

पेडल स्पंजासारखे लागते : नळ्यांत हवा शिरली आहे.

दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसते : ऑईल कुठेतरी गळते आहे, किंवा मास्टर सिलिंडरचे आतले रबर गेले आहे. अशी गाडी जागची हलवू नये.

पेडल दगडासारखे कडक : बूस्टर किंवा त्याची नळी तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल काही वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे.

ब्रेक लावताना पायाला थरथर : डिस्क वाकडी झालेली असू शकते. मात्र एबीएस असलेल्या गाडीत जोराचा ब्रेक लावल्यावर पेडल थरथरणे हा दोष नव्हे.

हवा काढणे हे दोन माणसांचे काम. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकामागचे निपल उघडायचे, बुडबुडे निघाले की बंद करायचे आणि मगच पाय उचलायचा. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये, निघालेले ऑईल परत ओतू नये. पेडलवर मुलीला बसवा, तीही शिकेल. एबीएसच्या गाडीत मात्र हे काम गॅरेजवरच करावे.

ब्रेक ऑईल हवेतले पाणी शोषते. डॉट-३ चे नवे ऑईल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेले १४० अंशांवरही उकळू शकते. घाटात सतत ब्रेक लावला की ते उकळते, वाफ होते आणि पेडल रिकामे खाली जाते. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या मुदतीला ऑईल बदला आणि उतारावर खालचा गिअर ठेवा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे बांधव आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, इंजिन बंद झाले की दोन-तीन वेळा ब्रेक लावल्यावर बूस्टरची मदत संपते.

चालत्या गाडीत ब्रेक गेलाच, तर पेडल भराभर दाबत राहा, गिअर एकेक खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, हॉर्न वाजवा. चावी काढू नका, स्टेअरिंग अडकेल.

ड्रममधली धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे, ते फुप्फुसात जाऊन बसते. ओल्या फडक्याने पुसा. गॅरेजवर काम करणाऱ्या आपल्या पोरांनाही हे सांगा.

भाऊंच्या गाडीत आम्ही आता एक वही ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, ऑईलची पातळी, पेडलची शिल्लक. ती वही वहिनी लिहितात. दर रविवारी गाडी निघण्यापूर्वी त्या पेडलखाली पाण्याची बाटली वा पायपुसणे अडकले नाही ना हे पाहतात आणि विचारतात, "एकदा दाबून लागतो, की दोनदा?" उत्तर 'दोनदा' आले, तर गाडी निघत नाही. आपल्या घरातही हा प्रश्न विचारला जावा, एवढीच विनंती.